उशाखालचे बाबूराव

वाङ्मयाच्या इतिहासात बाबूराव अर्नाळकरांना जागा किती? तर तळटीपेएवढी! पण वाचकांच्या उशाखाली मात्र एके काळी त्यांचंच राज्य. खरं नाव चंद्रकांत सखाराम चव्हाण. तिकडे अमेरिकेत रेमंड चँडलरसाहेबांनी १९३९ ते १९५८ या काळात सात रहस्यकादंबऱ्या लिहिल्या आणि त्यांच्यावर प्रबंध निघाले. आमच्या बाबूरावांनी हजारावर रहस्यकथा लिहिल्या, आणि विद्वानांनी नुसतं नाक मुरडलं.

आमच्या नाशकात सार्वजनिक वाचनालय १८४० पासूनचं. म्हणजे गावाला वाचनाचं वावडं नाही. पण घरातला कायदा कडक : खांडेकर ओसरीवर, झुंजार आणि काळापहाड पांघरुणात! जप्त झालेलं पुस्तक मग वडील रात्री स्वतः संपवत. पुरावा तपासायला नको?

१९९६ साली बाबूराव गेले. मला विचाराल, तर जोडाक्षराला अडखळणारी पोरं ‘खुनी कोण?’ या एका ओढीनं सबंध पुस्तक वाचायला शिकली आणि त्याच वाटेनं पुढं खांडेकरांपर्यंत पोचली. ती पहिली पायरी बांधणाऱ्याचं नाव इतिहासातून गायब कसं झालं, याचा तपास आता धनंजय आणि छोटूनंच हाती घ्यावा!