नाण्यावर राजा, लेण्यात विणकर



जुन्या काळी राजाचा चेहरा रयतेला दिसायचा तो नाण्यावरच. रोमच्या ऑगस्टस बादशहाच्या चांदीच्या नाण्यावर एका अंगाला त्याचं मुंडकं आणि दुसऱ्या अंगाला ढाली-भाले घेऊन उभे असलेले त्याचे दोन नातू. अशी नाणी दक्षिण भारतात पुष्कळ सापडली.

ही चांदी इकडं कशाच्या मोबदल्यात आली? लातूरच्या शेजारी, धाराशिव जिल्ह्यात तेर गाव आहे. त्याचं जुनं नाव तगर. पहिल्या शतकातल्या 'पेरिप्लस' या ग्रीक ग्रंथात लिहिलंय की तगरचं साधं कापड आणि मलमल गाड्यांतून भडोच बंदराला जायची. त्याच बंदरात रोमची सोन्या-चांदीची नाणी यायची. म्हणजे आपल्या मुलखातल्या विणकराच्या कष्टाचा माल साता समुद्रापार जात होता.

पुढं क्षत्रप राजा नहपानानंही चांदीच्या नाण्यावर आपला चेहरा छापला. भोवती ग्रीक अक्षरं, मागं बाण आणि वज्र, ब्राह्मी आणि खरोष्ठी लिपी. त्याचा जावई उषवदात यानं नाशिकच्या त्रिरश्मी लेण्यांत, दहा नंबरच्या लेण्यात, आपलं दान कोरून ठेवलंय. भिक्खुसंघासाठी 3,000 कार्षापण दिले, पण ते ठेवले कुणाकडं? सावकाराकडं नाही, विणकरांच्या दोन श्रेणींकडं! 2,000 एका श्रेणीकडं, महिना शेकडा एक व्याजानं. हिशोब करून बघा: वर्षाचे 240 होतात. त्यातून वर्षावासातल्या 20 भिक्खूंना प्रत्येकी 12 कार्षापण चिवरासाठी. मुद्दल मोडायचं नाही, फक्त व्याज वापरायचं.

पुढं गौतमीपुत्र सातकर्णीनं नहपानाला हरवलं. 1906 साली नाशिक जिल्ह्यात जोगलटेंभीला नहपानाची 13,000 च्या वर नाणी सापडली. त्यातल्या 9,000 हून जास्त नाण्यांवर, राजाच्या चेहऱ्यावरच, गौतमीपुत्राचा शिक्का ठोकलेला आहे.

राजाचा चेहरा असा झाकला गेला. लेण्यातली विणकरांची नोंद मात्र आजही वाचता येते. गिरणीच्या भोंग्यावर ज्यांची घरं चालली त्या आपण नांदेडकरांनी हे ध्यानात ठेवावं. विहार राजाच्या दानावर उभा राहिला हे खरं, पण वर्षानुवर्षं तो चालवला मागावरच्या हातांनी. लेकरांना एकदा तेरचं संग्रहालय आणि नाशिकचं हे लेणं जरूर दाखवा.