दस्ता आणि दस्तऐवज

‘दस्ता’ हा शब्द मराठीत बऱ्याच घरांत नांदतो. चोवीस तावांचा कागदाचा दस्ता असतो, तसा बंदुकीचाही दस्ता असतो. शब्द फारसीतून आला. ‘दस्त’ म्हणजे हात. दस्तखत, दस्तऐवज ही सगळी त्याच हाताची भावंडे. बंदुकीचा दस्ता म्हणजे हातात येणारा, खांद्याला टेकणारा, गाल ठेवून नेम धरायचा लाकडी भाग. बंदुकीच्या इतिहासात नळी, दारू आणि गोळी यांना मोठा मान. लाकडाची दखल सहसा कोणी घेत नाही. श्रोतेहो, आज त्या लाकडाविषयी बोलायचे आहे.

हा विषय मला पुस्तकात भेटला नाही. आंबेगाव तालुक्याच्या पूर्वेकडचे लोणी हे आमचे गाव. पावसाने नेहमीच ओढ दिलेला हा भाग. माझ्या लहानपणी गावात एक निवृत्त फौजी होते. गाव त्यांना नाना म्हणे. घरचा धंदा सुतारकीचा, पण नोकरी पलटणीच्या शस्त्रागारात. बंदुका दुरुस्त करणारे आर्मरर. मोडीत निघालेल्या सामानातून त्यांनी दोन लाकडी दस्ते रीतसर विकत आणले होते. एक जुना, तेलाने काळा पडलेला. दुसरा कच्चा, अक्रोडाचा; कारखान्याच्या यंत्राने ढोबळ आकार दिलेला, पण हाताने पुरा न झालेला. लोखंडाचा तुकडाही त्यांना नव्हता. तरी नाना ओसरीवर बसून तो कच्चा दस्ता पुरा करीत.

यंत्राने केलेल्या वस्तूला हात कशाला लावायचा, असे मी त्यांना विचारले होते. त्याचे उत्तर शोधता शोधता मी इतिहासात शिरलो.

जुनी तोड्याची बंदूक सरळ आणि सडपातळ दस्त्याची असे. नळी लाकडावर तारेने किंवा चामड्याच्या पट्ट्यांनी आवळलेली. ती लोहार आणि सुतार मिळून करीत, त्यामुळे एक बंदूक दुसरीसारखी नसे. पुढे कवायती फौजा आल्या. महादजी शिंद्यांच्या चाकरीत १७८४ मध्ये डी बॉयन आला, त्याने पलटणी उभ्या केल्या आणि आग्र्याला शस्त्रांचे कारखाने चालले. एका हुकमावर शेकडो शिपायांनी एकदम बार काढायचा, तर बंदुकाही एकसारख्या हव्यात.

नळ्या एकसारख्या करणे त्या मानाने सोपे. दस्त्याचा आकार मात्र वाकडा, कुठे जाड तर कुठे बारीक. तो यंत्रावर कसा काढायचा? अमेरिकेत टॉमस ब्लँचर्डने १८१९ च्या सुमारास एक लेथ केले. त्यात नमुन्याच्या दस्त्यावरून एक चाक फिरे आणि त्याच्या चालीने शेजारच्या लाकडावर पाते फिरे. नक्कल तयार. १८५० च्या दशकात इंग्लंडमधल्या एनफिल्डच्या कारखान्याने अमेरिकेतून अशी यंत्रे नेली.

आपल्याकडे १८७८ च्या शस्त्र कायद्याने परवान्याशिवाय बंदूक बाळगणे, घडवणे आणि विकणे बंद केले. गावातल्या कारागिराचा बंदुकीशी असलेला संबंध आटला. मात्र तीच कारागिरी सरकारी कारखान्यात आणि पलटणीच्या शस्त्रागारात पगारावर आली. खडकीचा काडतुसांचा कारखाना १८६९ चा. कोलकात्याजवळ ईशापूरला बंदुकांचा कारखाना १९०४ मध्ये सुरू झाला आणि तिथे ली-एनफिल्ड, म्हणजे आपली ‘थ्री-नॉट-थ्री’, घडू लागली. काडतूस खडकीचे, नळी ईशापूरची आणि लाकूड हिमालयाकडच्या अक्रोडाचे.

अक्रोडच का? आमच्याकडे नांगराला बाभूळ, कारण ती चिवट. पण बाभूळ जड आणि कोरायला कठीण. अक्रोड मजबूत असून पटाशीला वश होतो. नीट सुकवला तर हवा बदलली तरी फारसा पिळवटत नाही. बाराचा धक्का सोसतो. त्यातही लाकडाचे रेषे पाहावे लागतात. मुठीजवळ दस्ता बारीक होतो, तिथे रेषे लांबीच्या दिशेने धावले पाहिजेत. आडवे गेले तर नेमका तिथेच तुकडा पडतो.

यंत्र आकार देते, पण बसवणे हाताचे. पलटणीत हे कसे होई ते नाना सांगत. लोखंडी खोबणीला आतून काजळीचा हलका हात द्यायचा, दस्ता त्यात दाबायचा आणि काढायचा. जिथे लाकूड काळे झाले तिथे ते टेकते. तेवढेच पटाशीने खरवडायचे, पुन्हा काजळी, पुन्हा दाब. काळे डाग सगळीकडे सारखे उठेपर्यंत हे चालायचे. घाई करून एकाच कोपऱ्यावर दस्ता टेकवला, तर सगळा धक्का त्या कोपऱ्यावर येतो आणि लाकूड चिरते. नळीखालच्या पुढच्या लाकडाचेही तसेच. ते सैल बसले की नेम भरकटतो, आणि शिपायाला वाटते आपला हात हलला.

बाहेरचे काम नाना ओसरीवर करून दाखवीत. आधी कानस, मग काचेच्या तुकड्याची धार, मग पॉलिश पेपर. त्यानंतर ओल्या फडक्याने लाकूड पुसायचे. पाणी लागताच दबलेले तंतू उभे राहतात. सुकले की ते हलकेच घासून काढायचे. तंतू उठायचे थांबले की तेल. तेल जवसाचे, ज्याची चटणी आपण खातो त्याच जवसाचे. थोडे कोमट करून तळव्याने चोळायचे. जुना ठोकताळा असा की आठवडाभर रोज, मग महिनाभर आठवड्याला, मग वर्षभर महिन्याला आणि पुढे दरवर्षी एकदा. हे तेल हवा शोषून हळूहळू घट्ट होते. तेलाचे बोळे मात्र ढीग करून ठेवू नयेत. ते आपोआप तापून पेटतात. नाना ते पाण्यात बुडवून ठेवत. व्हार्निश त्यांना चालत नसे. ते चमकते, म्हणजे शत्रूला दिसते. टवके उडतात आणि आत ओल अडकते. तेलाचा हात शिपायाला मैदानावरही देता येतो. थ्री-नॉट-थ्रीच्या दस्त्याच्या पोटात तेलाची पितळी कुपी ठेवायला जागाच केलेली असे.

या लाकडाचे मोल रणांगणावर कळते. १० जुलै १९४४ ला इटलीत, टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात, मराठा पलटणीचे नाईक यशवंत घाडगे यांच्या तुकडीतले सगळे जण मशीनगनच्या माऱ्याखाली पडले. घाडगे एकटे धावून गेले. बॉम्ब टाकून त्यांनी मशीनगन बंद पाडली, टॉमीगनने एकाला टिपले. मॅगझिन बदलायला वेळ नव्हता. त्यांनी टॉमीगन नळीकडून धरली आणि उरलेल्या दोघांना झोडपून मारले. लगेच शत्रूच्या गोळ्यांनी तेही पडले. त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. गोळ्या संपल्यावर त्यांच्या हाती उरले होते ते लोखंड आणि अक्रोडाचे लाकूड.

आता माझी चूक सांगतो. नाना एकदा परगावी गेले होते. मी जुना काळा दस्ता घेतला आणि पॉलिश पेपरने घासघासून नव्यासारखा केला. त्यांना आनंद होईल असे वाटले होते. ते आले, दस्ता उजेडात फिरवून पाहिला आणि म्हणाले, “लाकूड नाही गेलं पोरा, माणूस गेला.”

मग त्यांनी समजावले. थ्री-नॉट-थ्रीचे दस्ते अर्ध्या-अर्ध्या इंचाच्या फरकाने आखूड, मध्यम आणि लांब असत. आखूड दस्त्यावर ‘एस’ आणि लांबवर ‘एल’ हे इंग्रजी अक्षर ठोकत. मी घासून काढलेले अक्षर ‘एस’ होते. कोणा आखूड हातांच्या शिपायासाठी आर्मररने तो दस्ता निवडला होता. शेजारी शस्त्रागाराचा आकडा होता, गालाजवळ झिजलेला खोलगट भाग होता. त्या शिपायाबद्दल एवढाच पुरावा उरला होता आणि तो मी अर्ध्या दुपारीत पुसला.

थ्री-नॉट-थ्रीचा काळ आता सरला आहे. २००८ च्या नोव्हेंबरात मुंबईच्या छत्रपती शिवाजी टर्मिनसवर स्वयंचलित बंदुकांपुढे ती किती तोकडी आहे ते दिसले. उत्तर प्रदेश पोलिसांनी २०२० च्या प्रजासत्ताक दिनाच्या संचलनात तिला निरोप दिला. नव्या बंदुकांचे दस्ते बहुधा प्लास्टिकचे असतात. शिपायाचा जीव वाचवायचा तर हा बदल हवाच होता.

पण वाडवडिलांच्या परवान्याच्या बंदुका अजून काही घरांत आहेत, जुनी लाकडे संग्रहालयांत आहेत. ती चमकवण्याची हौस होते. तेव्हा कच्च्या दस्त्याला खुशाल घासा. त्यावर अजून कोणाचे काही लिहिलेले नाही. जुन्याला मात्र मऊ फडके आणि थेंबभर जवसाचे तेल पुरे. त्याआधी तो उजेडात तिरपा धरून एकदा वाचावा.

(नभोवाणी भाषणाचा संपादित अंश)