कतारगामची धूळ, गोव्याची दमट हवा आणि लॅपटॉपचे अंतरंग

सुरतच्या जुन्या शहराच्या उत्तरेस तापीच्या काठाने पसरलेला कतारगाम हा भाग हिऱ्यांना पैलू पाडणाऱ्या कारखान्यांसाठी ओळखला जातो. त्याच परिसरात यंत्रमाग चालतात आणि संगणकावर आखलेल्या नक्षीनुसार भरतकाम करणारी यंत्रेही चालतात. घंटीवर बसणारा रत्नकलाकार तेलात कालवलेली हिऱ्याची भुकटी वापरतो, तर मागावरून कृत्रिम धाग्यांचे बारीक तंतू हवेत उडत राहतात. पावत्या करणारा, हिऱ्यांच्या पुड्यांचा हिशेब ठेवणारा आणि भरतकामाची नक्षी यंत्राकडे पाठवणारा लॅपटॉप याच हवेत दिवसभर चालू असतो. वातानुकूलित दालनासाठी बनवलेल्या यंत्राची याहून कठोर परीक्षा क्वचितच होत असेल.

गोव्यातील घराघरांतल्या लॅपटॉपला तेलकट भुकटी किंवा मागावरचे तंतू सोसावे लागत नाहीत. मात्र पावसाळ्याचे चार महिने टिकणारी ओल आणि किनाऱ्यालगतची खारी हवा त्याच्या वाट्याला येतेच. कारणे निराळी असली तरी परिणाम बराचसा सारखा असतो. यंत्र तापते, मंदावते, अचानक बंद पडते आणि दुरुस्तीच्या दुकानात ‘मदरबोर्ड गेला’ असा निकाल कानी येतो. मुलांच्या शिक्षणासाठी हप्त्यांवर घेतलेल्या लॅपटॉपबाबत हा निकाल ऐकणाऱ्या कुटुंबाला तो खरा की उतावीळ, हे ठरवता येत नाही. बिघाड पुष्कळदा पंखा, बॅटरी किंवा साठवणूक अशा बदलता येण्याजोग्या भागात असतो. तो ओळखण्याइतपत अंतरंगाची जाण कोणालाही येऊ शकते.

उष्णतेची वाट

कतारगामच्या व्यापाऱ्यांच्या हाती पेनासारखे एक उपकरण दिसते. त्याचे तापलेले टोक खड्याला टेकवले, की उष्णता किती वेगाने ओढली जाते यावरून हिरा आणि काच यांतील भेद कळतो. हिरा उष्णतेचा अतिशय उत्तम वाहक आहे. त्याची उष्णतावाहकता मीटर-केल्व्हिनला सुमारे २,००० वॉट असते. तांब्याची सुमारे ४००, ॲल्युमिनियमची सुमारे २३७, तर प्रोसेसर ज्यापासून बनतो त्या सिलिकॉनची साधारण १५० असते. स्थिर हवेची मात्र जेमतेम ०.०२६. लॅपटॉपच्या निगेचे जवळपास सारे शास्त्र या शेवटच्या आकड्यात दडलेले आहे. उष्णतेच्या वाटेत जिथे स्थिर हवा शिरली, तिथे वाट अडली.

प्रोसेसरमध्ये नखाएवढ्या जागेत १५ ते ४५ वॉट उष्णता निर्माण होते. खेळांसाठीच्या लॅपटॉपांत याहून बरीच अधिक. ही उष्णता प्रथम थर्मल पेस्टच्या पातळ थरातून तांब्याच्या पट्टीत जाते. पेस्टचे काम एवढेच, की दोन पृष्ठांमधील सूक्ष्म खाचांतली हवा हटवून ती जागा आपण व्यापायची. पेस्ट स्वतः धातूच्या मानाने मंद वाहक असते. म्हणून ती जास्त थापली म्हणजे थंडावा वाढतो हा समज चुकीचा आहे.

तांब्याच्या पट्टीपासून पुढे एक चपटी नळी जाते, तिला हीट पाइप म्हणतात. ती भरीव तांब्याची आहे असे पाहणाऱ्याला वाटते. प्रत्यक्षात ती पोकळ असून तिच्यात अत्यल्प दाबाखाली थोडे पाणी असते. दाब कमी असल्याने हे पाणी शंभर अंशांच्या पुष्कळच खाली उकळते. वाफ नळीच्या थंड टोकाकडे धावते, तिथे द्रवते आणि आतल्या सच्छिद्र अस्तरातून दिव्याच्या वातीप्रमाणे परत तापलेल्या टोकाकडे ओढली जाते. अमेरिकेतील लॉस अलामॉस प्रयोगशाळेत जॉर्ज ग्रोव्हर यांनी १९६३मध्ये ही रचना विकसित केली, तेव्हा डोळ्यांसमोर अंतराळयाने होती. हीट पाइपला पोचा पडला किंवा ती वाकली, तर बाहेरून फारसे काही न दिसताही तिचे काम मंदावू शकते.

नळीचे थंड टोक पातळ पत्र्यांच्या जाळीत संपते आणि पंखा त्या जाळीतून हवा फेकतो. कतारगामच्या हवेचा फटका नेमका इथे बसतो. पंख्याने ओढलेले तंतू पत्र्यांमधून निसटू शकत नाहीत. ते जाळीच्या आतल्या बाजूला साचत जातात, त्यावर तेलकट भुकटी बसते आणि काही महिन्यांत नमद्यासारखा घट्ट पापुद्रा तयार होतो. बाहेरच्या फटीतून पाहिले तर जाळी स्वच्छच दिसते, कारण पापुद्रा पंखा आणि जाळी यांच्या मध्ये असतो. तापमान साधारण १०० अंश सेल्सियसच्या आसपास पोचले, की प्रोसेसर आपला वेग स्वतःहून कमी करतो. ‘लॅपटॉप म्हातारा झाला’ असे घरात ज्याला म्हटले जाते, ते कित्येकदा एवढेच असते. पंख्याचा आवाज वाढलेला आणि बाहेर पडणारा झोत मात्र क्षीण, ही याची सर्वांत सोपी खूण होय.

यंत्र उघडताना

अनेक नामांकित कंपन्या आपल्या बऱ्याच मॉडेलांच्या दुरुस्ती-पुस्तिका संकेतस्थळावर विनामूल्य ठेवतात. कोणता स्क्रू कुठला, कोणती फीत आधी काढायची, हे त्यात चित्रांसह असते. ती न वाचता झाकण उचकटणे हा शुद्ध आततायीपणा. हमीची मुदत शिल्लक असल्यास यंत्र अधिकृत केंद्राकडेच न्यावे, हे उघडच आहे.

चार्जर काढून, यंत्र पूर्ण बंद करून, झाकण निघताच सर्वप्रथम बॅटरीची जोडणी सोडवावी. त्यानंतर चालू-बंदचे बटण काही सेकंद दाबून धरले, की मंडलात उरलेला भार ओसरतो. स्क्रू ज्या क्रमाने निघतील त्या क्रमाने कागदावर लॅपटॉपची आकृती काढून तिच्यावर ठेवण्याची जुन्या कारागिरांची पद्धत आजही उत्तम आहे. सगळे स्क्रू सारख्या लांबीचे नसतात आणि आखूड स्क्रूच्या जागी लांब स्क्रू पिळला तर तो खालच्या मदरबोर्डमध्ये किंवा टचपॅडमध्ये घुसतो.

स्थिर विजेची भीती अनेकांना अतिशयोक्त वाटते. दाराच्या कडीला हात लावताच बसणारा झटका जाणवण्यासाठी साधारण ३,००० व्होल्ट लागतात. इलेक्ट्रॉनिक घटकाला मात्र त्याच्या अंशभर व्होल्टनेही इजा होऊ शकते आणि ती होताना हाताला काहीच कळत नाही. पॉलिएस्टर कापडाच्या घर्षणाने असा भार सहज तयार होतो आणि सुरत तर कृत्रिम धाग्याच्या कापडाचेच शहर. कोरड्या हिवाळ्यात धोका वाढतो, गोव्याच्या दमट हवेत तो कमी राहतो. सुती कपडे घालणे, कामापूर्वी भूमीशी जोडलेल्या धातूला स्पर्श करणे आणि मदरबोर्ड कडेने धरणे एवढी खबरदारी पुरते.

पंखा साफ करताना पाती बोटाने स्थिर धरावीत. हवेच्या झोताने ती मर्यादेपलीकडे फिरली तर बेअरिंगची झीज होते. घरातील व्हॅक्युम क्लीनर यासाठी वापरू नये, कारण त्याच्या नळीच्या टोकाशी स्थिर वीज साचते. पापुद्रा चिमट्याने अखंड निघतो आणि तो निघताना पाहणाऱ्याला यंत्र का गुदमरले होते हे वेगळे सांगावे लागत नाही. तेलकट थरासाठी ९० टक्क्यांहून अधिक शुद्धतेचे आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि मऊ ब्रश वापरावा. पंख्यासोबत तांब्याची पट्टीही उचलली गेली असल्यास जुनी पेस्ट पूर्ण पुसून नवी लावावी लागते. जुनीच पुन्हा दाबून बसवली तर मध्ये हवेचे कप्पे राहतात. पट्टीच्या स्क्रूंशेजारी बहुधा १, २, ३, ४ असे आकडे कोरलेले असतात. त्याच क्रमाने, थोडे थोडे पिळत गेल्यास दाब सर्वत्र सारखा बसतो.

बॅटरी

लिथियम-आयन बॅटरी सोनी कंपनीने १९९१मध्ये बाजारात आणली. तिच्या मागच्या संशोधनासाठी जॉन गुडइनफ, स्टॅन्ली व्हिटिंगहॅम आणि अकिरा योशिनो यांना २०१९चे रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले. लॅपटॉपमधील बॅटरीत असे अनेक घट असतात. प्रत्येक घट साधारण ३.७ व्होल्टचा असून पूर्ण भरल्यावर बहुधा ४.२ व्होल्टपर्यंत जातो. वापर केला नाही तरी बॅटरी म्हातारी होतेच. उष्णता आणि सतत शंभर टक्के भरलेली अवस्था या दोन गोष्टी ते वार्धक्य लवकर आणतात. दिवसभर चार्जरला जोडलेला आणि पापुद्र्यामुळे तापलेला कार्यालयीन लॅपटॉप या दोन्ही गोष्टी एकाच वेळी भोगत असतो. बऱ्याच लॅपटॉपांत चार्जिंग ८० टक्क्यांवर थांबवण्याची सोय असते, पण ती आपणहून चालू करावी लागते.

बॅटरी कितपत उरली आहे हे अंदाजावर सोडण्याचे कारण नाही. विंडोजमध्ये पॉवरसीएफजी या आज्ञेने बॅटरीचा अहवाल तयार होतो. त्यात मूळ क्षमता आणि आजची पूर्ण भारित क्षमता असे दोन आकडे शेजारी मिळतात. मूळ ५० वॉट-तासांपैकी २० उरले असतील, तर बॅटरीच बदलायची आहे, लॅपटॉप नव्हे.

टचपॅड वर उचलला जाणे, कळफलकाच्या मध्ये फुगवटा येणे किंवा झाकण नीट न मिटणे ही फुगलेल्या बॅटरीची लक्षणे आहेत. घटात रासायनिक विघटनाने वायू साचल्याने ती फुगते. अशा वेळी यंत्र ताबडतोब बंद करावे, चार्जरला लावू नये. हाताने दाबून बसवण्याचा किंवा टाचणीने वायू सोडण्याचा प्रयत्न तर मुळीच करू नये. आतले थर एकमेकांना टेकले तर आग लागते आणि ती पाण्याच्या तांब्याने विझण्यासारखी नसते.

रॅम आणि साठवणूक

याबाबत थोडक्यात. फिरत्या तबकडीची हार्ड डिस्क असलेल्या जुन्या लॅपटॉपमध्ये एसएसडी बसवणे हा त्याला वेग देण्याचा सर्वांत परिणामकारक उपाय ठरतो. एम.२ प्रकारच्या एसएसडीवरील २२८० हा आकडा म्हणजे २२ मिलिमीटर रुंदी आणि ८० मिलिमीटर लांबी. साटा आणि एनव्हीएमई या दोन जातींची एसएसडी दिसायला सारखीच असू शकते. आपल्या यंत्रात कोणती चालते ते पुस्तिकेत पाहूनच खरेदी करावी. डीडीआर४ आणि डीडीआर५ रॅमच्या खाचा वेगळ्या असल्याने एक दुसरीच्या जागी बसत नाही. आजच्या अनेक सडपातळ लॅपटॉपांत रॅम मदरबोर्डवर डाख देऊन कायमची बसवलेली असते. ती पुढे वाढवता येत नाही, हे विक्रेता क्वचितच आपणहून सांगतो.

ओल, चहा आणि खारी हवा

गोव्यातील लॅपटॉपांच्या अंतरंगात तंतूंच्या पापुद्र्याऐवजी जोडण्यांवर हिरवट-पांढरा थर आढळण्याची शक्यता अधिक. तो तांब्याच्या क्षारांचा असतो. खाऱ्या हवेतील मीठ ओल धरून ठेवते आणि विद्युतदाबाखालील सूक्ष्म जोडण्या कुरतडल्या जातात. पावसाळ्यात महिनोन्‌महिने कपाटात बंद ठेवलेला लॅपटॉप रोज वापरलेल्यापेक्षा लवकर बिघडू शकतो, कारण चालू यंत्राची ऊब आतली ओल हटवत असते. तो ठेवायचाच असेल तर बॅटरी निम्मी भरून, सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवावा आणि अधूनमधून चालू करावा.

यंत्रावर चहा किंवा पाणी सांडले तर पहिल्या मिनिटाला महत्त्व असते. बंद करणे, चार्जर काढणे, उलटे धरून निथळू देणे आणि शक्य तितक्या लवकर बॅटरीची जोडणी सोडवून घेणे, हा क्रम. तांदळाच्या डब्यात ठेवण्याचा लोकप्रिय उपाय निरुपयोगी आहे. तांदूळ चहातील साखर आणि क्षार शोषून घेत नाही आणि खरा अपाय त्यांनीच होतो. दुरुस्ती करणारे असा बोर्ड अल्कोहोलने किंवा अल्ट्रासॉनिक यंत्रात धुतात. सोनार दागिने धुण्यासाठी वापरतात, त्याच तत्त्वाचे ते यंत्र.

दुकानात गेल्यावर

‘मदरबोर्ड गेला’ हा निकाल स्वीकारण्यापूर्वी काही गोष्टी तपासून दाखवण्याचा आग्रह ग्राहकाने जरूर धरावा. बॅटरी सोडवून केवळ चार्जरवर यंत्र सुरू होते का, दुसऱ्या योग्य चार्जरने काही फरक पडतो का, रॅम काढून पुन्हा बसवल्यावर काय होते, बाहेरचा मॉनिटर जोडल्यावर चित्र येते का. बाहेर चित्र आले, तर मदरबोर्ड बहुतांशी धडधाकट आहे आणि दोष पडद्यात किंवा बिजागरीतून जाणाऱ्या केबलमध्ये शोधायला हवा. मदरबोर्डवरील दोषही बऱ्याचदा एखाद्या लहानशा घटकापुरता असतो आणि सूक्ष्मदर्शकाखाली डाख देणारा कुशल कारागीर तो दुरुस्त करू शकतो. एसएसडी निघण्याजोगी असल्यास ती काढून घरी ठेवावी, म्हणजे छायाचित्रे आणि बँकेची कागदपत्रे परक्या हाती जात नाहीत. बदललेला जुना भाग मागून घ्यावा.

केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागाने २४ डिसेंबर २०२२ रोजी, राष्ट्रीय ग्राहक दिनी, दुरुस्तीच्या हक्कासाठी स्वतंत्र संकेतस्थळ सुरू केले. सुटे भाग, हमी आणि स्वतः करावयाच्या दुरुस्तीविषयीची कंपन्यांची माहिती एका जागी मिळावी, हा त्यामागील हेतू. नवा लॅपटॉप घेण्यापूर्वी त्या मॉडेलची दुरुस्ती-पुस्तिका आणि बॅटरीची उपलब्धता पाहण्यास दहा मिनिटे पुरतात. जुनी बॅटरी मात्र घरच्या कचऱ्यात टाकू नये. २०२२च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनुसार वापरलेल्या बॅटऱ्या गोळा करून त्यांची विल्हेवाट लावण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे. फुगलेली बॅटरी धातूच्या वस्तूंपासून दूर, अग्नीला दाद न देणाऱ्या भांड्यात ठेवून कंपनीच्या सेवा केंद्रात किंवा अधिकृत ई-कचरा संकलकाकडे सोपवावी.