हवेसाठी काढलेला रस्ता

मुंबईतल्या मोहम्मद अली रोडचे नाव घेतले की रमजानच्या रात्री आठवतात. मिनारा मशिदीची रोषणाई, मालपुव्याच्या कढया, नल्ली निहारीच्या देगा आणि पाय ठेवायला जागा नसलेली गर्दी. मात्र हा रस्ता एका साथीच्या पोटी जन्माला आला, हे फार थोड्यांना ठाऊक असते. शहराची वाहतूक, तिथली हवा आणि माणसाची तब्येत यांचा संबंध काय, हे समजून घ्यायचे असेल तर या एका रस्त्याचा इतिहास पुरेसा आहे.

मी वाशीम जिल्ह्यातल्या कारंजा तालुक्यातल्या कामरगावचा. आमच्या गावात रेल्वे नाही. मुंबई गाठायची तर मूर्तिजापूर किंवा बडनेऱ्याला जावे लागते. मग मुंबईच्या रस्त्याची चौकशी मी का करावी? कारण वऱ्हाड आणि मुंबई एकाच लोहमार्गाने जोडली गेली होती. १८५३ला मुंबई-ठाणे गाडी सुरू झाली आणि १८६७पर्यंत रूळ नागपूरला पोहोचले. वऱ्हाडातला कापूस बैलगाडीने मूर्तिजापूर-बडनेऱ्याला आणि तिथून मुंबईच्या गिरण्यांत व बंदरात जाऊ लागला. पुढे कारंज्यावरून यवतमाळला जाणारी छोटी ‘शकुंतला’ही याच कापसासाठी आली. ज्या वाटेने माल गेला, त्याच वाटेने माणसे गेली आणि त्याच वाटेने आजारही आला.

गाठीचा ताप

सप्टेंबर १८९६मध्ये मांडवी भागात डॉ. अकासियो व्हिएगास यांनी प्लेगचा रुग्ण ओळखला. मांडवी म्हणजे बंदराला लागून असलेली धान्याच्या गोदामांची आणि दाट चाळींची वस्ती. काही महिन्यांत भीती इतकी पसरली की आठ लाखांच्या शहरातली जवळपास निम्मी माणसे फेब्रुवारी १८९७पर्यंत गाव गाठायला निघून गेली. गाड्या, बोटी, बैलगाड्या, मिळेल ते वाहन लोकांनी धरले. त्यांच्याबरोबर, आणि धान्याच्या पोत्यांबरोबर, रोगही निघाला.

रोगाचे खरे कारण तेव्हा कुणालाच माहीत नव्हते. उंदरांवरच्या पिसवा हा रोग पसरवतात, हे पॉल-लुई सिमाँ यांनी १८९८ला कराचीत दाखवले आणि ते मान्य व्हायला पुढे बरीच वर्षे गेली. हवामानाचाही त्यात हात होता. मुंबईत प्लेग थंडीच्या दिवसांत वाढायचा आणि उन्हाळा चढल्यावर ओसरायचा, कारण फार उष्ण हवेत पिसवा तग धरत नाहीत. वाहतूक, हवामान आणि आजार यांची सांगड आजची नाही. ती आपल्या आजोबा-पणजोबांनी भोगलेली आहे.

सरकारने फेब्रुवारी १८९७मध्ये साथरोग कायदा आणला. स्थानकांवर उतारूंची तपासणी सुरू झाली, घरांत शिरून रोगी शोधले जाऊ लागले, मुंबईहून हजला निघणाऱ्या जहाजांवर बंदी आली. लोकांच्या मनात दवाखान्याची धास्ती बसली. ९ मार्च १८९८ला मदनपुऱ्याच्या जुलाहा विणकरांनी तपासणी पथकाला अडवले. एका आजारी मुलीला तपासण्यावरून ठिणगी पडली आणि दंगल शहरभर पसरली. हे विणकर उत्तर हिंदुस्थानातून पोटासाठी आलेले गरीब मुसलमान होते. त्यांना अडाणी ठरवणे सोपे आहे. पण ज्या सरकारने त्यांच्या वस्तीत ना पाणी दिले ना गटार, ते एकाएकी दारात शिपाई घेऊन उभे राहिले तर माणूस विश्वास कसा ठेवणार? त्याच काळात तिसरे आगाखान यांनी हाफकिन यांची नवी लस स्वतः लोकांसमोर टोचून घेतली आणि संशोधनासाठी आपली जागाही दिली. आपल्यातल्या माणसाने पुढे होऊन केलेल्या गोष्टीने विश्वास वाढला. तो सक्तीने वाढला नव्हता.

साडेत्रेसष्ट अंशांचा नियम

याच साथीतून १८९८ला बॉम्बे सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट म्हणजे शहर सुधार न्यास स्थापन झाला. ग्लासगो शहराचा नमुना त्यांच्यापुढे होता. रोग अंधाऱ्या, कोंदट, ओलसर घरांत राहतो अशी त्यांची समजूत होती. त्यामुळे दाट वस्ती फोडायची, रुंद रस्ते काढायचे आणि समुद्राचा वारा शहराच्या पोटात आणायचा, असे ठरले. न्यासाची पहिली योजना नागपाड्याची. पश्चिमेचा वारा आत यावा म्हणून प्रिन्सेस स्ट्रीट आणि सँडहर्स्ट रोड काढले गेले. आज ते शामलदास गांधी मार्ग आणि सरदार वल्लभभाई पटेल मार्ग आहेत. क्रॉफर्ड मार्केटकडून उत्तरेला भायखळ्याच्या दिशेने सिडनहॅम रोड निघाला. मौलाना मोहम्मद अली जौहर यांचे नाव मिळालेला आपला मोहम्मद अली रोड तो हाच.

न्यासाचे अध्यक्ष जे. पी. ऑर यांनी उजेड आणि हवेसाठी एक साधे माप लावून धरले होते. त्याला साडेत्रेसष्ट अंशांचा नियम म्हणतात. खोलीच्या भिंतीच्या पायथ्यापासून या कोनात वर पाहिले तर आभाळ दिसले पाहिजे, मध्ये दुसरी इमारत येता कामा नये. सोप्या भाषेत, समोरची इमारत जितकी उंच, तिच्या निम्मे तरी अंतर मोकळे हवे. प्लेगच्या कारणाबद्दल या मंडळींची समजूत चुकीची होती. पण क्षयरोग आणि छातीच्या आजारांसाठी हवा आणि ऊन लागतेच. दादर-माटुंग्याच्या मोकळ्या वस्त्या याच विचारातून उभ्या राहिल्या.

मग या सगळ्यात खोट कुठे होती? न्यासाने सुरुवातीच्या वर्षांत जितकी घरे पाडली, त्यापेक्षा कमी बांधली. ज्यांच्या चाळीतून रस्ता गेला, त्यांना कामाच्या जवळ राहणे भाग होते. गोदीतला हमाल आणि गिरणीतला कामगार दादरला जाऊन राहू शकत नव्हता, कारण रोजचे गाडीभाडे परवडणारे नव्हते. तो शेजारच्या गल्लीत, आधीच भरलेल्या खोलीत शिरला. रस्त्यावर वारा आला, पण त्याच्या खोलीत राहणारी माणसे वाढली.

वाऱ्याच्या जागी धूर

मुंबईच्या रस्त्यांवरून मोठी गर्दी वाहून नेली ती ट्रामने. ९ मे १८७४ला घोड्यांची ट्राम सुरू झाली. कुलाब्याहून पायधुणीपर्यंत ती येत असे. ७ मे १९०७ला विजेची ट्राम आली आणि घोड्यांची लीद गेली. १५ जुलै १९२६ला अफगाण चर्च ते क्रॉफर्ड मार्केट अशी पहिली बस धावली. विजेची ट्राम रस्त्यावर धूर सोडत नव्हती आणि गरिबाला परवडत होती. तरी गाड्यांच्या वाटेत अडथळा म्हणून ३१ मार्च १९६४ला बोरीबंदर-दादर ट्राम शेवटची धावली. शंभराहून अधिक शहरे आज मेट्रो आणि विजेच्या बसवर अब्जावधी खर्च करतात, तेव्हा मला ही तारीख आठवते.

२००२ला मोहम्मद अली रोडवर जे. जे. उड्डाणपूल खुला झाला. सुमारे अडीच किलोमीटरच्या या पुलाला माहीमचे सूफी विद्वान मखदूम अली माहिमी यांचे नाव आहे. नाव फार मोठे आहे. पण पूल दुसऱ्या-तिसऱ्या मजल्याच्या खिडक्यांना जवळजवळ खेटून जातो. खाली एक वाहतूक, वर दुसरी. दोन्ही बाजूंना सलग इमारती असल्या की मधला धूर सहज बाहेर पडत नाही. हवेसाठी काढलेल्या रस्त्यावर लोक आता हवा येऊ नये म्हणून खिडक्या बंद ठेवतात. दक्षिण मुंबईत जाणाऱ्याची मिनिटे वाचली, पण खिडकीतल्या म्हातारीच्या दम्याचा हिशोब पुलाच्या खर्चात कुणी मांडला नाही. सूक्ष्म धूलिकणांसाठी जागतिक आरोग्य संघटना वर्षाला सरासरी ५ मायक्रोग्रॅम प्रति घनमीटर ही मर्यादा सुचवते. आपल्या देशाची मर्यादा ४० आहे, म्हणजे आठपट.

त्याच सुमारास जागतिक बँकेच्या कर्जावर मुंबई नागरी परिवहन प्रकल्प सुरू झाला. रूळ वाढवायला आणि रस्ते रुंद करायला हजारो झोपड्या हलवल्या गेल्या. त्यांतली बरीच कुटुंबे गोवंडी-मानखुर्दच्या नटवर पारेख कंपाउंड आणि लल्लूभाई कंपाउंडमध्ये आली. नटवर पारेखमध्ये सात मजली इमारतींत जेमतेम तीन मीटरचे अंतर आहे. ऑरच्या मापाने तिथे दहा-अकरा मीटर तरी लागले असते. २०१८ला या वसाहतींचा अभ्यास प्रसिद्ध झाला. ज्या घरांत ऊन आणि वारा पोहोचत नाही, तिथे, विशेषतः खालच्या मजल्यांवर, क्षयरोग जास्त आढळला. इंग्रजांच्या न्यासाने गरिबाला रस्त्याच्या कडेला ढकलले, तर शंभर वर्षांनी आपण त्याला पक्के घर दिले आणि त्या घरातून आभाळ काढून घेतले.

वऱ्हाडातल्या माणसाने काय घ्यायचे?

आमच्या कारंजा तालुक्यातून आता मुंबई-नागपूर समृद्धी महामार्ग जातो. ७०१ किलोमीटरचा हा रस्ता वेगाचा आहे, त्याचा उपयोगही आहे. अकोल्या-अमरावतीच्या मोठ्या दवाखान्यात वेळेवर पोहोचलेला रुग्ण वाचतो, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण त्यावर पायी चालणारा, सायकलवाला आणि दुचाकीवाला नाही. आमची रोजची वाट एसटीची. अकोल्यात मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जातो. जुन्या रस्त्यांच्या कडेला कडुनिंब आणि चिंचेची सावली असायची. रस्ते रुंद झाले तशी ती झाडे गेली. दुपारी बसची वाट पाहणारी गरोदर बाई, मजूर, तपासणीला निघालेला म्हातारा उन्हात उभे राहतात. उष्माघात हा आमच्यासाठी वाहतुकीचाही प्रश्न आहे, कारण तो बहुधा वाटेत गाठतो.

रस्त्यातला काटा बाजूला करणे ही नेकी आहे, हे आपल्याकडे लहान मुलालाही शिकवतात. आजचा काटा धुराचा आहे, उन्हाचा आहे. तो दूर करण्यासाठी फार मोठी भाषा लागत नाही. ग्रामसभेत, नगरपरिषदेत रस्त्याचा ठराव आला की चार प्रश्न विचारावेत. कडेची झाडे किती जाणार आणि किती लागणार? थांब्यावर सावली आणि पाणी आहे का? ज्यांची घरे हटणार, त्यांच्या नव्या घरात ऊन येते का? आणि ज्याच्याकडे गाडी नाही, त्याला या रस्त्याचा काय फायदा?

१८९८च्या मदनपुऱ्यात हे प्रश्न कुणी विचारले नाहीत, म्हणून उत्तर दंगलीत निघाले. २००२च्या मुंबईत ते विचारले गेले नाहीत, म्हणून उत्तर क्ष-किरणांच्या फिल्मवर उमटले. कामरगावसारख्या गावांना अजून विचारायला वेळ आहे.