वृद्धनिवासातील उपक्रम आणि सहजीवन

वृद्धाश्रम, ज्येष्ठांसाठीच्या वसाहती आणि शुश्रूषागृहे येथे राहणाऱ्यांना हाताला काम, आवडीचा विरंगुळा आणि माणसांची सोबत मिळावी म्हणून संस्था व रहिवासी मिळून जी व्यवस्था उभी करतात, तिचा विचार या नोंदीत केला आहे. भजन, पत्ते, वाचन, बागकाम, सणवार, स्वयंपाकघरातली मदत, संस्थेच्या कारभारातला सहभाग हे सगळे तिच्यात येते. जेवण, औषध आणि सुरक्षितता यांच्याइतकीच ही गरज मूलभूत आहे. भारतात मात्र ती बहुतेक ठिकाणी देणगीदारांच्या इच्छेवर किंवा एखाद्या उत्साही व्यवस्थापकावर सोडलेली दिसते.

वय झाले की माणसाने हळूहळू व्यवहारातून अंग काढून घेणे स्वाभाविक असते व ते त्याला आणि समाजालाही सोयीचे असते, अशी मांडणी एलेन कमिंग आणि विल्यम हेन्री या अमेरिकी अभ्यासकांनी १९६१ मध्ये केली. रॉबर्ट हॅविगहर्स्ट यांचे म्हणणे याच्या उलट होते : जो गुंतलेला राहतो तो समाधानी राहतो. पुढे रॉबर्ट अ‍ॅचली यांनी सातत्याचा विचार मांडला. माणूस जसा जगत आला, तसेच त्याला म्हातारपणीही जगायचे असते, हे त्याचे सार. वृद्धनिवास चालवणाऱ्याला हा तिसरा विचार सर्वांत उपयोगी पडतो. आयुष्यभर एकट्याने वाचत बसलेल्या गृहस्थांना अंताक्षरीला ओढून आणणे आणि दहा माणसांचा संसार रेटलेल्या बाईंना दिवसभर टीव्हीसमोर बसवून ठेवणे, या दोन्हींत माणूस कोण आहे हे पाहिलेलेच नसते.

या क्षेत्रातला सर्वांत गाजलेला प्रयोग एलेन लँगर आणि ज्यूडिथ रोडिन यांचा. तो १९७६ मध्ये प्रसिद्ध झाला. अमेरिकेतील कनेक्टिकट राज्यातल्या आर्डेन हाउस या शुश्रूषागृहात एका मजल्यावरच्या रहिवाशांना सांगण्यात आले की, खोली कशी लावायची, वेळ कसा घालवायचा, चित्रपट गुरुवारी पाहायचा की शुक्रवारी, हे तुम्हीच ठरवा. प्रत्येकाला एक रोप देऊ केले आणि त्याची निगा त्याच्याकडेच सोपवली. दुसऱ्या मजल्यावरही रोपे दिली, पण त्यांना पाणी परिचारिका घालत. तीन आठवड्यांनी पहिला गट अधिक उत्साही व सावध दिसला. १८ महिन्यांनी पाहिले तेव्हा त्या गटातील ४७ पैकी ७ जण दगावले होते, दुसऱ्यातील ४४ पैकी १३. मृत्यूंमधला हा फरक अजूनही अनेक ठिकाणी निर्विवाद म्हणून सांगितला जातो. वास्तविक संशोधकांनी नंतर आपल्या आकडेमोडीत दुरुस्ती केली आणि तो फरक ठाम निष्कर्ष काढण्याइतका भक्कम उरला नाही. प्रयोगाचे महत्त्व त्याने कमी होत नाही. झाड दोन्ही मजल्यांवर होते. आपण पाणी घातले नाही तर ते वाळेल, ही जाणीव एकाच मजल्यावर होती.

न्यूयॉर्क राज्यातील न्यू बर्लिन या गावी चेस मेमोरियल या शुश्रूषागृहात डॉ. बिल थॉमस यांनी १९९१ मध्ये हाच धागा पुढे नेला. एकटेपणा, कंटाळा आणि असहायता या तीन गोष्टी तिथल्या माणसांना आजारापेक्षा जास्त पोखरतात, असे त्यांचे निदान होते. त्यांनी दोन कुत्री, चार मांजरे आणि शंभर छोटे पोपट आणले, अंगणात भाजीपाला लावला. बोलणे सोडलेली माणसे बोलू लागली. खोलीबाहेर न पडणारे कुत्र्याला फिरवून आणतो म्हणून स्वतः पुढे आले. औषधांचा खर्चही तुलनेसाठी निवडलेल्या दुसऱ्या शुश्रूषागृहापेक्षा खूपच कमी झाला. ही हकीकत डॉ. अतुल गवांदे यांच्या ‘बीइंग मॉर्टल’ (२०१४) या पुस्तकामुळे जगभर पोहोचली. गवांदे यांचे वडील मूळचे महाराष्ट्रातील उटी या खेड्यातले. शंभरी ओलांडल्यावरही घोड्यावर बसून शेताची पाहणी करणाऱ्या आपल्या आजोबांचे चित्रही त्यांनी त्याच पुस्तकात रेखाटले आहे. त्या आजोबांच्या मागे मोठे एकत्र कुटुंब होते. ज्यांच्यामागे ते नाही, त्यांना असे काम कोण देणार, हा वृद्धनिवासांपुढचा खरा प्रश्न आहे.

महाराष्ट्रात अशा संस्थांना मोठा इतिहास आहे. पुण्यातील ‘निवारा’ची स्थापना डेव्हिड ससून यांच्या देणगीतून १८६३ मध्ये झाली. शेजारच्या गोव्यातही पोर्तुगीज काळापासून चालत आलेली प्रोवेदोरिया ही संस्था वृद्धाश्रम चालवते. अलीकडे पुण्यात ‘अथश्री’सारख्या, ज्येष्ठांनी स्वतः घर घेऊन राहायच्या वसाहती उभ्या राहिल्या. दोन्हीकडचे प्रश्न वेगळे आहेत. वसाहतीत बहुतेक जण हिंडतेफिरते व निवृत्तिवेतनावर जगणारे असल्याने ते स्वतःच समित्या नेमतात, व्याख्याने ठरवतात, दिवाळी अंकांची भिशी लावतात. गावोगावच्या ज्येष्ठ नागरिक संघांचा अनुभव तिथे कामी येतो. धर्मादाय वृद्धाश्रमात माणसे कमी, अपंगत्व जास्त आणि वेळापत्रक कर्मचाऱ्यांच्या पाळ्यांवर बेतलेले. पाचला चहा, साडेसहाला जेवण, आठला दिवे बंद. तिथे उपक्रम सुरू करायचा म्हणजे आधी या वेळापत्रकात जागा करावी लागते.

जे उपक्रम टिकतात ते बहुधा साधे असतात. सकाळच्या चहानंतर मेथीच्या दोन जुड्या टेबलावर पडल्या की आज्या आपसूक भोवती जमतात. एकीला दिसत नाही, पण बोटांना देठ कळतो. दुसरीचा हात थरथरतो, ती कोवळी पाने वेगळी काढते. कुणाच्या माहेरी मेथीत डाळ घालत, कुणाकडे दाण्याचे कूट, यावर अर्धा तास वाद रंगतो. दुपारच्या जेवणात ती भाजी ताटात येते आणि ‘आज आम्ही निवडली’ हे सांगून झालेले असते. वाती वळणे, शेंगा फोडणे, देवाची फुले काढणे, वर्तमानपत्र मोठ्याने वाचून दाखवणे, दिवसाचा जमाखर्च लिहिणे ही कामे याच जातीची. व्यवस्थापक मात्र बिचकतात. पैसे भरून आईला ठेवले आणि तिला कामाला लावले, असे मुलगा म्हणाला तर? ही भीती अगदीच निराधार नाही. नेमलेल्या बायकांचे काम रहिवाशांवर ढकलले जाऊ नये. ज्याला नको त्याने सहज नाही म्हणावे आणि त्याबद्दल कुणी तोंड वाकडे करू नये, एवढे पथ्य पाळले तर मेथी निवडणे हा कोणत्याही ‘अ‍ॅक्टिव्हिटी’पेक्षा चांगला उपक्रम आहे.

बाहेरून येणाऱ्या गटांचा प्रश्न नाजूक आहे. वाढदिवस, पुण्यतिथी, महाविद्यालयाचे सेवा शिबिर अशा निमित्तांनी लोक फळे आणि बिस्किटे घेऊन येतात, दोन गाणी होतात, फोटो निघतो. येणाऱ्यांचा हेतू चांगलाच असतो. रिचर्ड शुल्ट्झ यांनी १९७६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात महाविद्यालयीन विद्यार्थी वृद्धनिवासातील लोकांना भेटायला जात. भेट कधी व किती वेळ व्हावी हे ज्यांना ठरवता येत होते, किंवा निदान आधी कळत होते, त्यांची प्रकृती व मनःस्थिती सुधारली. प्रयोग संपला, भेटी थांबल्या, आणि नंतरच्या पाहणीत नेमके हेच लोक अधिक खालावलेले आढळले. म्हणून वर्षातून एकदा पन्नास जण येण्यापेक्षा दर गुरुवारी एकच जण येऊन बुद्धिबळाचा डाव मांडत असेल तर ते बरे. आणि यायचे थांबवायचे असेल, तर तसे समोर बसून सांगावे.

सणांचे नियोजनही डोळे उघडे ठेवून करायला हवे. गणपती, कोजागिरी, दिवाळीचा फराळ सगळ्यांना सामावून घेतात. हळदीकुंकवाचे तसे नाही. वृद्धाश्रमातल्या बहुसंख्य स्त्रिया विधवा असतात आणि जुन्या रिवाजाने कार्यक्रम केला तर ज्यांच्यासाठी तो आहे त्याच भिंतीकडेला बसून राहतात. काही संस्था सरसकट सर्वांना तिळगूळ, वाण आणि हवे त्यांना कुंकू देतात. काही आज्यांना त्यावेळी संकोच वाटतो, काहींच्या डोळ्यांत पाणी येते. हा बदल जरूर करावा, फक्त आदल्या दिवशी प्रत्येकीला विचारून.

सहभागात येणारे अडथळे बहुधा क्षुल्लक दिसतात. ऐकू न येणे हा त्यांतला सर्वांत मोठा. मोठ्या हॉलमध्ये पंखे, लाउडस्पीकर आणि वीस जणांची बडबड चालू असताना श्रवणयंत्र लावलेला माणूस काही वेळातच थकतो व खोलीत निघून जातो; लोक त्याला माणूसघाणा समजतात. चार जणांचा गट, बंद दार आणि तोंड दिसेल अशी बैठक एवढ्याने तो परत येतो. पुरुषांना गप्पांपेक्षा कामाच्या निमित्ताने जवळ येणे सोपे जाते. ऑस्ट्रेलियातील ‘मेन्स शेड’ या सामायिक कारखान्यांची चळवळ याच अनुभवातून वाढली. हाक मारण्यालाही महत्त्व आहे. तीस वर्षे शाळा चालवलेल्या स्त्रीला सगळ्यांसारखे ‘आजी’ म्हणण्याऐवजी ‘बाई’ म्हटले की ती ताठ बसते. स्मृतिभ्रंश झालेल्यांसाठी ब्रिटनमध्ये विकसित झालेली बोधात्मक उद्दीपन उपचारपद्धती आहे. छोट्या गटाच्या १४ बैठकांत जुन्या वस्तू, आवाज, शब्द आणि चर्चा यांतून विचारांना चालना दिली जाते. अंथरुणाला खिळलेल्यांचा विचार मात्र बहुतेक वेळापत्रकांत होतच नाही.

पिढ्या एकत्र आणण्याचे प्रयोगही झाले आहेत. अमेरिकेतील सिअ‍ॅटल शहरात प्रॉव्हिडन्स माउंट सेंट व्हिन्सेंट या वृद्धनिवासातच बालसंगोपन केंद्र आहे. नेदरलँड्समधील डेव्हेंटरच्या ह्युमानिटास या संस्थेत विद्यार्थी भाडे न देता राहतात आणि बदल्यात महिन्याला ३० तास चांगले शेजारी म्हणून वागतात : एकत्र जेवतात, संगणक शिकवतात, सामने पाहतात.

कायद्याच्या अंगाने पाहिले तर अमेरिकेत १९८७ च्या सुधारणांपासून शुश्रूषागृहांना प्रत्येक रहिवाशाची आवड व क्षमता नोंदवून त्यानुसार उपक्रम राबवणे बंधनकारक आहे व त्यासाठी पात्र व्यक्ती नेमावी लागते. भारतातील आईवडील व ज्येष्ठ नागरिक यांचा निर्वाह व कल्याण अधिनियम, २००७ याच्या कलम १९ मध्ये प्रत्येक जिल्ह्यात निराधार ज्येष्ठांसाठी किमान १५० जणांचा वृद्धाश्रम असावा असे म्हटले आहे. त्याच कलमात राज्य सरकारने ठरवायच्या सेवांमध्ये वैद्यकीय देखभाल आणि करमणुकीची साधने यांचा उल्लेख येतो. रहिवाशाची आवड विचारण्याचे, त्याला निवड देण्याचे किंवा कारभारात घेण्याचे बंधन त्या कलमात नाही. राज्यांना आपले नियम करताना ही उणीव भरून काढता येते आणि रहिवाशांची निवडून आलेली समिती हा तिथला पहिला नियम असायला हवा.