ऊस खरेदीतील स्पर्धा आणि शेजारी राज्यांचे सहकार्य

ऊस खरेदीतील स्पर्धा : एकाच पट्ट्यातला ऊस मिळवण्यासाठी कारखान्यांमध्ये होणारी चढाओढ आणि तिच्यावर केंद्र व राज्य सरकारांनी घातलेली बंधने. ऊसपट्टा राज्यांच्या सीमा पाहून वाढत नाही. त्यामुळे महाराष्ट्र आणि कर्नाटकासारख्या शेजाऱ्यांचे नियम जुळले नाहीत, तर त्याचा फटका शेतकऱ्याला बसतो.

तोडलेला ऊस फार काळ ठेवता येत नाही. तो वाळतो, वजन घटते, साखर उतारा पडतो. म्हणून शेतकऱ्याची बाजारपेठ ट्रॅक्टर-ट्रॉली एका फेरीत जिथवर पोहोचेल तेवढीच. त्या टापूत गिऱ्हाईक एकच असेल, तर दर, तोडीची तारीख आणि वजनकाटा या तिन्ही गोष्टी त्याच्याच हाती राहतात.

नातेपुते (ता. माळशिरस, जि. सोलापूर) हे या चढाओढीचे चांगले उदाहरण. गाव सोलापूर जिल्ह्याच्या वायव्य टोकाला, नीरा उजव्या कालव्याच्या लाभक्षेत्रात. पश्चिमेला साताऱ्यातला फलटण तालुका, नीरेपलीकडे पुण्यातला इंदापूर. जवळच सदाशिवनगरचा श्री शंकर सहकारी कारखाना, पूर्वेला अकलूजचा सहकारमहर्षी शंकरराव मोहिते-पाटील सहकारी कारखाना आणि माळीनगरचा सासवड माळी कारखाना. हा शेवटचा कारखाना शेतकऱ्यांनीच १९३२ मध्ये कंपनी म्हणून उभा केला. फलटण-इंदापूरचे कारखानेही याच ऊसपट्ट्यातले. जिल्ह्याची हद्द ओलांडायला इथे फक्त रस्ता लागतो, परवाना नाही.

ही मोकळीक पूर्वी नव्हती. झोनबंदीच्या काळात प्रत्येक कारखान्याला क्षेत्र राखून दिलेले असे आणि त्या क्षेत्रातला ऊस बाहेर नेता येत नसे. शरद जोशींच्या शेतकरी संघटनेने या बंदीविरुद्ध दीर्घकाळ लढा दिला. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस महाराष्ट्रात ती उठली. उत्तर प्रदेशात मात्र क्षेत्र राखून ठेवण्याची पद्धत १९५३ च्या कायद्याच्या आधारे पुढेही चालू राहिली.

झोनबंदी गेली, पण हवाई अंतराची अट आली. १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशात २००६ मध्ये दुरुस्ती होऊन दोन कारखान्यांमध्ये किमान १५ किलोमीटर अंतर ठरले. महाराष्ट्राने ते २५ किलोमीटर केले. जुन्या कारखान्यांना पुरेसा ऊस मिळावा, त्यांचे कर्ज बुडू नये, हे त्यामागचे कारण, आणि ते अगदीच पोकळ नाही. तरीही या अटीने नव्या खरेदीदाराची वाट अडते हे नाकारता येत नाही. सी. रंगराजन समितीने २०१२ मध्ये क्षेत्र-आरक्षण आणि अंतराची अट दोन्ही काढण्याची शिफारस केली. पुढच्या वर्षी लेव्ही साखर, म्हणजे कारखान्यांनी सरकारला ठरलेल्या दराने द्यायची साखर, बंद झाली, अंतराची अट राहिली.

राज्याच्या सीमेवर प्रश्न अधिक टोकदार होतो. कोल्हापूर, सांगली आणि दक्षिण सोलापुरातला ऊस बेळगाव, विजयपूर, कलबुर्गी भागातल्या कारखान्यांना जवळ पडतो. २०२३ मध्ये पाऊस कमी झाला, ऊस टंचाईची चिन्हे दिसू लागली आणि सप्टेंबरमध्ये महाराष्ट्र सरकारने परराज्यात ऊस नेण्यावर ३० एप्रिल २०२४ पर्यंत बंदी घातली. राजू शेट्टी यांच्या स्वाभिमानी शेतकरी संघटनेने कडाडून विरोध केला. काही दिवसांतच बंदी मागे घ्यावी लागली. कर्नाटकाशी बसून ठरवण्याजोगा प्रश्न एकतर्फी फर्मानाने सोडवण्याचा हा प्रयत्न होता आणि तो फसणे योग्यच झाले.

राज्यांचे ऊसविषयक नियम वेगवेगळे असले, तरी स्पर्धा कायदा, २००२ देशभर एकच आहे. भारतीय स्पर्धा आयोगाने २०१८ मध्ये तेल कंपन्यांच्या इथेनॉल निविदेत संगनमत केल्याबद्दल १८ साखर कारखाने आणि दोन संघटनांना सुमारे ३८ कोटी रुपयांचा दंड सुनावला. आदेशाला पुढे अपिलात आव्हान मिळाले. मात्र कारखान्याचे अंतर, ऊस वाहतूक, गाळप हंगामाची तारीख हे निर्णय सरकारी आदेशांतून होतात. संगनमत शोधणाऱ्या आयोगाचा त्यात फारसा शिरकाव नाही.

देशादेशांच्या स्पर्धाविषयक नियमांमधली दरी भरून काढण्याचे प्रयत्न झाले आहेत. युरोपने १९५७ च्या रोम करारातच स्पर्धेचे सामाईक नियम घातले. आफ्रिका खंडाच्या पूर्व व दक्षिण भागातील देशांच्या कोमेसा गटाचा स्पर्धा आयोग मलावीच्या लिलाँग्वे शहरात २०१३ पासून काम करतो. अनेक सदस्य देशांवर परिणाम करणाऱ्या कंपनी विलीनीकरणांची तपासणी तिथे एका ठिकाणी होते. आग्नेय आशियातील आसियान देशांनी २०१० मध्ये सामाईक मार्गदर्शक तत्त्वे काढली. दक्षिण आशियात भारत, पाकिस्तान, नेपाळ, बांगलादेश यांचे स्पर्धा कायदे आहेत. दक्षिण आशियाई मुक्त व्यापाराच्या साफ्टा कराराच्या उद्दिष्टांत न्याय्य स्पर्धेचा उल्लेखही आहे. सामाईक आयोग मात्र नाही.

महाराष्ट्र आणि कर्नाटक तर एकाच देशात, एकाच कायद्याखाली आहेत. गाळपाची तारीख एकत्र ठरवणे, काटामारी रोखण्यासाठी वजनकाट्यांची संयुक्त तपासणी करणे आणि कोणत्या कारखान्याने उसाचा रास्त व किफायतशीर दर म्हणजे एफआरपी १४ दिवसांत दिली, कोणी थकवली, याची यादी दोन्ही भाषांत प्रसिद्ध करणे, यासाठी नव्या कायद्याची वाट पाहण्याचे कारण नाही. दोन्ही राज्यांच्या साखर विभागांनी पुढच्या हंगामाआधी एकत्र बसावे.