रिंग-पिस्टन : बोरघाटाच्या पायथ्याशी एका लहानशा कड्याचा इतिहास

१/
जुन्या मुंबई-पुणे महामार्गावर, खालापूर तालुक्यात, लोधिवली हे आमचे गाव. बाबांचा टर्बो डिझेल पिकअप हे आमच्या घराच्या चरितार्थाचे साधन. गतवर्षी बोरघाट चढताना त्या गाडीतून निळा धूर येऊ लागला. मिस्त्रींनी ऑइलचे झाकण उघडून पाहिले आणि म्हणाले, "बॅक कॉम्प्रेशन मारतंय. रिंगा गेल्या." आजचा धागा या 'रिंगां'विषयी आहे.

२/
वाचकहो, यंत्रयुगाचा इतिहास आपण बहुधा मोठ्या नावांमधून वाचतो : वॅट, स्टीफन्सन, डिझेल. परंतु या तिघांच्याही यंत्रांसमोर एकच जुना, चिवट प्रश्न उभा होता. नळकांड्यात दट्ट्या सैल बसला तर दाब निसटतो; घट्ट बसला तर तो हलत नाही. सैल आणि घट्ट यांच्यामधली ती केसाएवढी जागा कशी भरायची?

३/
अठराव्या शतकातील उत्तर होते अंबाडीसारख्या तागाचे. चरबीत भिजवलेला दोर दट्ट्याभोवती गुंडाळत. तो लवकर झिजे, जळे आणि पुन्हा पुन्हा बदलावा लागे. जेम्स वॅटची अडचण तर त्याहून मूलभूत होती : नळकांडेच गोल नव्हते. १७७४ मध्ये जॉन विल्किन्सन याने तोफा कोरण्यासाठी नवे यंत्र सिद्ध केले आणि त्याच विद्येतून पुढे वॅटला पुरेसे अचूक सिलिंडर मिळाले. वाफेच्या इंजिनाचे यश या कोरकामावर उभे आहे. हा मुद्दा लक्षात ठेवा. आपण त्याकडे परत येणार आहोत.

४/
१८५० च्या दशकाच्या प्रारंभी मँचेस्टर येथील रेल्वे अभियंता जॉन रॅम्सबॉटम याने दोराला पर्याय शोधला. त्याने धातूची पट्टी वाकवून कडे केले, परंतु ते पूर्ण न जोडता एका ठिकाणी उघडे ठेवले. कड्याचा व्यास सिलिंडरपेक्षा किंचित मोठा. आत बसवताना ते आवळले जाते आणि स्वतःच्या ताणाने भिंतीला चिकटून राहते. १८५४ मध्ये त्याने ही रचना इंग्लंडमधील यांत्रिकी अभियंत्यांच्या संस्थेसमोर मांडली. घर्षण घटले, वाफेची गळती घटली, दट्ट्या हलका झाला.

५/
आता सालांकडे पाहा. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्यास पहिली गाडी गेली. १८५६ मध्ये रूळ आमच्या परिसरात, खोपोलीपर्यंत आले आणि त्याच वर्षी बोरघाटाच्या लोहमार्गाचे काम सुरू झाले. १८५८ मध्ये पुणे-खंडाळा भाग खुला झाला. मधला घाट प्रवासी पालखीने, तट्टावर वा गाडीने ओलांडत. रॅम्सबॉटमचे कडे आणि सह्याद्री चढणारा लोहमार्ग एकाच दशकातली अपत्ये आहेत.

६/
घाटाचे आव्हान आकड्यांत असे : सुमारे १६ मैलांत १,८३१ फुटांची चढण, २५ बोगदे आणि सर्वांत तीव्र ठिकाणी ३७ फुटांमागे १ फुटाचा चढ. सपाटीवर इंजिनाचा थोडा दाब निसटला तरी गाडी चालते. घाटात तो हिशोब चालत नाही. म्हणूनच आजही कर्जतला मागून रेटा देणारी इंजिने, म्हणजे 'बँकर', जोडली जातात. त्या थांब्याने कर्जतला आणखी काय दिले हे सांगणे नको. बटाटावड्याची कीर्ती सर्वश्रुत आहे.

७/
१८६३ मध्ये घाट खुला झाला. प्रमुख अभियंता जेम्स बर्कले याचे नाव ग्रंथांत आहे. कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल १८५९ मध्ये येथे आल्यावर अल्पावधीत मरण पावला आणि त्याची पत्नी अ‍ॅलिस हिने कंत्राट तडीस नेले, हेही नोंदले आहे. परंतु कामाच्या ऐन भरात येथे ४०,००० हून अधिक मजूर राबत होते. पटकीने आणि अपघातांनी त्यांतले कित्येक गेले. त्यांची नावे कोणत्या वहीत शोधायची?

८/
लोकस्मृतीने मात्र एक नाव जपले : शिंगरोबा. घाटातली वाट साहेबाला दाखवणारा धनगर आणि त्याबद्दल प्राणांस मुकलेला, अशी त्याची कथा सांगतात. कागदोपत्री पुरावा म्हणून ही कथा तपासता येत नाही. परंतु जुन्या रस्त्यावरच्या त्याच्या देवळासमोर चालक आजही हात जोडतात. बाबाही जोडतात. चढणीवर इंजिन दगा देऊ नये, ही प्रार्थना १८६३ इतकीच आजही खरी आहे.

९/
आता डिझेलकडे. रुडॉल्फ डिझेलचे इंजिन १८९७ मध्ये ऑग्सबर्ग येथे यशस्वीपणे चालले. त्याचे तत्त्व असे की ठिणगी नकोच. हवा इतकी दाबायची की तिच्याच उष्णतेने इंधन पेटावे. साहजिकच येथे कड्याचे काम कैक पटींनी अवघड झाले. दाब निसटला तर केवळ शक्ती घटत नाही, तर इंजिन पेटतच नाही. पहाटे थंडीत गाडी दहा सेल्फ मारूनही उठत नाही, तेव्हा त्यामागे अनेकदा हेच कारण असते.

१०/
१९०५ मध्ये आल्फ्रेड ब्युखी या स्विस अभियंत्याने आणखी एक पाऊल टाकले : वाया जाणाऱ्या धुराने चाक फिरवायचे आणि त्या चाकाने इंजिनात अधिक हवा कोंबायची. हाच टर्बो. १९२० च्या दशकात तो जहाजांत स्थिरावला. आज लहानशा पिकअपमधील टर्बोचे चाक मिनिटाला लाखाहून अधिक फेरे घेऊ शकते आणि ज्वलनाच्या क्षणी सिलिंडरमधला दाब १०० बारच्याही वर जातो. तो सारा अडवायचा कोणी? त्याच उघड्या कड्याने.

११/
येथे एक गमतीची गोष्ट. कडे केवळ स्वतःच्या ताणाने हा दाब अडवत नाही. वायू खाचेत शिरून कड्याच्या पाठीमागे जातो आणि त्यालाच भिंतीवर रेटतो. म्हणजे शत्रूचाच जोर तटबंदीसाठी वापरला जातो. साधारणतः एका पिस्टनवर तीन रिंगा असतात : वरच्या दोन दाबासाठी, खालची ऑइल खरवडून परत पाठवण्यासाठी. इंजिन मिनिटाला ३,००० फेरे घेत असेल, तर प्रत्येक कडे सेकंदाला १०० वेळा सिलिंडरची लांबी घासून जाते.

१२/
महाराष्ट्रात ही विद्या कशी रुजली? एक वाट रेल्वेच्या कारखान्यांची : जीआयपीचा कारखाना आधी भायखळ्यास आणि १८७९ पासून परळला. दुसरी वाट शेतीची. लोखंडी नांगरापासून निघालेल्या किर्लोस्करांनी १९४६ मध्ये पुण्याजवळ खडकीला ऑइल इंजिनांचा स्वतंत्र उद्योग काढला. विहिरीवरचे इंजिन खोलून त्याच्या रिंगा बदलणारा गावचा मिस्त्री हा मराठी मुलखातील डिझेलविद्येचा पहिला शिक्षक म्हणावा लागेल.

१३/
तिसरी वाट रस्त्याची. १९५४ मध्ये टाटांनी डाइमलर-बेंझच्या सहकार्याने जमशेदपूरला ट्रक बनवायला घेतले. १९५८ मध्ये फिरोदियांची बजाज टेम्पो कंपनी स्थापन झाली. 'टेम्पो' हे हॅम्बर्गजवळच्या एका जर्मन कारखान्याच्या गाड्यांचे नाव. आज कोणत्याही कंपनीची गाडी असो, मराठी माणूस तिला 'टेम्पो'च म्हणतो. १९८८ मध्ये टाटामोबाइल हा पिकअप आला, २००५ मध्ये 'छोटा हत्ती'. २००० नंतर धुराचे नियम कडक होत गेले, तसा टर्बो मालवाहू गाड्यांत सर्रास झाला.

१४/
मापांचाही इतिहास या धंद्यात जिवंत आहे. आपल्याकडे १९५६ च्या कायद्याने दशमान मापे आली. परंतु लेथवर आजही तीन युगे एकत्र नांदतात : इंचाचा आठवा भाग म्हणजे 'सूत', हजारावा भाग म्हणजे 'थाऊ' आणि कंपनीच्या पुस्तकातले मिलिमीटर. आमचे मिस्त्री एकाच वाक्यात तिन्ही वापरतात आणि चुकत नाहीत.

१५/
आता आमच्या गाडीची हकीकत. तिचे इंजिन पूर्वी एकदा एका गॅरेजमध्ये खोलले गेले होते. तेथे जुन्या सिलिंडरमध्ये नुसत्या नव्या रिंगा घातल्या. बोअर मोजला नाही, होनिंग केले नाही. काही महिन्यांतच धूर परतला. दुसऱ्यांदा इंजिन खोलायचे म्हणजे पुन्हा खर्च, गाडी उभी आणि बँकेचा हप्ता चालू. बाबा मला म्हणाले, "तुझ्या इतिहासात याचं काही आहे का गं?" प्रश्नात थट्टा होती आणि थकवाही.

१६/
या वेळचे मिस्त्री वयस्क होते. त्यांनी लगेच पाना हाती घेतला नाही. निळा धूर टर्बोच्या सीलमधून गळणाऱ्या ऑइलनेही येतो, म्हणून त्यांनी आधी हवेचे पाइप काढून आत ऑइल साचले आहे का ते पाहिले. मग प्रत्येक सिलिंडरचे कॉम्प्रेशन मोजले. कमी भरलेल्या सिलिंडरमध्ये चमचाभर ऑइल टाकून पुन्हा मोजले. आकडा वर चढला, म्हणजे गळती रिंगांपाशी. चढला नसता, तर संशय व्हॉल्व्हवर किंवा हेड गॅस्केटवर गेला असता. इतिहासाच्या वर्गात आम्ही याला साधनचिकित्सा म्हणतो.

१७/
हेड उतरवल्यावर त्यांनी बोअर गेजने मापे घेतली : वर, मध्ये, खाली आणि दोन दिशांनी. सिलिंडर वरच्या भागात अधिक झिजला होता आणि गोल उरला नव्हता. गोल कडे अंडाकृती भोकात कसे बसणार? आधीची भिंत घासून आरशासारखी गुळगुळीत झाली होती. तीवर ऑइल टिकत नाही आणि नवी रिंग बसत नाही. विल्किन्सन आणि वॅट यांची जुनी गोष्ट लोधिवलीत पुन्हा समोर उभी होती : कडे कितीही उत्तम असो, आधी नळकांडे खरे हवे.

१८/
म्हणून ब्लॉक लेथवाल्याकडे गेला. बोअर वाढवून ओव्हरसाइज पिस्टन आणि त्याच मापाच्या रिंगा घेतल्या. होनिंगने भिंतीवर एकमेकांना छेदणाऱ्या बारीक रेघा आल्या; त्या रेघांत ऑइल थांबते. प्रत्येक रिंग सिलिंडरमध्ये सरळ बसवून तिच्या तोंडातली फट फिलर गेजने मोजली. जुना ठोकताळा दर इंच बोअरमागे सुमारे ४ थाऊ. टर्बोत उष्णता अधिक, म्हणून कंपनीचे मापच प्रमाण. फट फार कमी ठेवली तर तापल्यावर टोके भिडतात आणि रिंग तुटते.

१९/
शेवटी रिंगा खुणेची बाजू वर ठेवून चढवल्या आणि तिघींची तोंडे वेगवेगळ्या दिशांना फिरवली, जेणेकरून वायूला सरळ वाट मिळू नये. पुढचे काही आठवडे मिस्त्रींनी पथ्य सांगितले : जड माल नको, घाटात गाडी दामटायची नाही, उगाच तासन्‌तास उभी चालू ठेवायची नाही, ऑइल लवकर बदलायचे. नव्या रिंगेला भिंतीची ओळख व्हावी लागते. पहिल्या पूर्ण भाराच्या खेपेस मी बाबांच्या शेजारी बसले होते. शिंगरोबाचे देऊळ आले, बाबांनी आरशात मागे पाहिले. धूर नव्हता.

२०/
डेव्हिड एजर्टन हा इतिहासकार म्हणतो की तंत्रज्ञानाचा इतिहास शोधांच्या सालांपुरता न ठेवता वापराचा आणि देखभालीचा लिहायला हवा. मला ते त्या दिवशी पटले. रॅम्सबॉटमचे साल मला ग्रंथात मिळाले. पण बोअर आधी मोजायचा, मग रिंग घ्यायची, हे ज्ञान आमच्या परिसरात कोणी आणले, कोणाकडून कोणाकडे गेले, याची नोंद कोठेही नाही. ते आमच्या मिस्त्रींच्या बोटांत आहे आणि त्यांच्या हाताखाली आज कोणी शिकाऊ नाही.

२१/
घाट बांधणाऱ्यांची नावे आपण गमावली, कारण त्या काळी ती लिहावीशी कोणाला वाटली नाहीत. घाट चढवत ठेवणाऱ्यांची नावे आपल्या डोळ्यांदेखत जात आहेत आणि या वेळी दोष आपला असेल. आपल्या गावातल्या जुन्या मिस्त्रींशी, लेथवाल्यांशी, निवृत्त रेल्वे फिटरशी तासभर बोला. ते कोणाकडे शिकले, पहिले इंजिन कोणते खोलले, कोणते माप कोणत्या नावाने म्हणतात, ते त्यांच्या संमतीने लिहून ठेवा. मी आमच्या मिस्त्रींपासून सुरुवात केली आहे. वहीची पहिली बारा पाने भरली आहेत.

धागा समाप्त.